ठरलेल्या पर्समध्ये तीन हंगाम टिकणारा कबड्डी संघ

लिलावी कबड्डी लीगमध्ये पहिल्या वर्षी जिंकणं फार अवघड नसतं. एक नावाजलेला चढाईपटू, दोन बरे कोपरारक्षक, म्हणजे बचावाच्या रांगेच्या दोन टोकांना उभे राहणारे, आणि थोडी नशिबाची साथ मिळाली की चषक गावात येतो. दुसऱ्या वर्षी तोच संघ साखळीतच गारद होतो. जिंकलेल्या खेळाडूंचे भाव वाढलेले असतात, पर्स, म्हणजे लिलावात खर्चायची ठरलेली रक्कम, तेवढीच असते आणि मालकाला कुणालाच सोडवत नाही.

पुढचा हिशेब मराठवाड्यातल्या एका नमुना लीगवर बेतलेला आहे: आठ संघ, प्रत्येकाला १०,००० पॉइंट, संघात १२ खेळाडू, किमान बोली २००. मागच्या हंगामाचा खेळाडू कायम ठेवायचा तर त्याच्या भावात २० टक्के वाढ. तुमच्या लीगचे आकडे वेगळे असतील तर प्रमाण तेच धरा. मैदानावर मिळतात त्यांना इथे गुण म्हटलंय आणि लिलावात खर्च होतात त्यांना पॉइंट.

आधी वाढावा बघा

पर्स सगळ्यांची सारखी असते, म्हणून बाजारभावाने घेतलेला खेळाडू तुम्हाला इतरांच्या पुढे नेत नाही. २,४०० च्या तोडीचा खेळाडू २,४०० ला घेतला, तर तुम्ही होतात तिथेच राहिलात. पुढे नेतं ते ३०० पॉइंटमध्ये १,५०० चा खेळ करणारं पोरगं. खेळाची किंमत आणि मोजलेला भाव यांच्यातला हा वाढावा बारा जणांत मिळून ज्याचा जास्त, तो संघ वरचढ. तो मुख्यतः दोन ठिकाणी सापडतो: नाव न झालेली १७ ते २१ वयाची मुलं आणि कुणाची नजर न जाणारे मध्यरक्षक. नावाजलेल्या चढाईपटूत तो जवळपास नसतोच, कारण त्याच्यासाठी आठही टेबलांवरून हात वर होतात.

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात हे उघड दिसलं. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २.६०५ कोटी मोजले, तर पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूईसाठी २.३५ कोटी. पर्स पाच कोटींची होती, म्हणजे दोघांनीही निम्म्याच्या आसपास रक्कम एकाच माणसावर लावली. टायटन्स तळाला गेले. पलटणने १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून चषक घेतला. पलटणकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत अशी मुलं नवोदित म्हणून आधीच आली होती आणि दोन हंगाम एकत्र खेळून तयार झाली होती. उरलेला संघ उभा होता, म्हणून एक महागडा माणूस परवडला. क्रम महत्त्वाचा आहे: आधी स्वस्त आणि जुळलेला गाभा, मग मोठी खरेदी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पहिल्या चिठ्ठीला ४,००० पॉइंट उडतात आणि रात्री अकरा वाजता किमान बोलीवर उरलीसुरली माणसं गोळा करावी लागतात.

पर्सची वाटणी

पहिल्या हंगामासाठी ही वाटणी बहुतेक लीगमध्ये चालते. मुख्य चढाईपटू २,४००. एक कोपरा १,८००, दुसरा १,२००. दुसरा चढाईपटू १,१००. तिसरा चढाईपटू, शक्यतो पकडही करू शकणारा, ८००. दोन मध्यरक्षक मिळून ९००. राखीव पाच जणांत दोन मुलं ३०० ची आणि तीन २०० ची. एकूण ९,४००. उरलेले ६०० लिलावात खर्चायचे नाहीत. हंगामात कुणी जखमी झाला तर बदली खेळाडूसाठी ते लागतात. बदलीला परवानगी नसलेल्या लीगमध्ये हेच ६०० तिसऱ्या चढाईपटूकडे वळवा.

तिसऱ्या चढाईपटूवर एवढा जोर का? ४० मिनिटांचा सामना, ३० सेकंदांची चढाई, म्हणजे दोन्ही संघांच्या मिळून साधारण ८० आणि तुमच्या वाट्याला ४०. मुख्य माणूस फार तर १८-२० मारेल, तोही बाहेर बसलेला नसेल तर. उरलेल्या वीस दुसऱ्या एकट्याच्या गळ्यात मारल्या की शेवटच्या दहा मिनिटांत त्याचे पाय जड होतात आणि दोन रिकाम्या चढायांनंतरची करो-या-मरो चढाई, जिच्यात गुण नाही आणला तर बाद, नेमकी त्याच्याकडे येते. तिघांपैकी एक तरी डावखुरा असू द्या. समोरच्या जोडीला एकाच बाजूची सवय होऊ देऊ नका.

दोन कोपऱ्यांवर मिळून ३,००० हा आकडा काहींना जास्त वाटेल. पण पकड ही जोडीची गोष्ट आहे: एकाने घोटा धरला आणि दुसरा अर्धा क्षण उशिरा आला तर तो गुण चढाईपटूचा. २०१७ मध्ये प्रो कबड्डी आठवरून बारा संघांची झाली तेव्हा नवखा गुजरातचा संघ फझल अत्राचली आणि अबोझार मिघानी या इराणी कोपऱ्यांच्या जोरावर पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत पोहोचला. चढाईपटू एकटा विकत घेता येतो, जोडी मात्र घडवावी लागते. म्हणून कोपऱ्यांना दोन-तीन हंगाम एकत्र ठेवायच्या बेतानेच घ्या.

खेळाडू पाहताना काय मोजायचं

स्पर्धेत कुणी किती गुण घेतले, हा आकडा फसवा आहे. समजा एकाने पाच सामन्यांत १०० चढाया करून ५० गुण घेतले आणि तो ३० वेळा पकडला गेला: निव्वळ २०. दुसऱ्याने ६० चढायांत ३६ गुण घेतले आणि ९ वेळाच सापडला: निव्वळ २७. लिलावात पहिला दुप्पट भावाला जातो, कारण गावोगाव त्याचीच चर्चा असते. शिवाय पकडला गेला की आपला माणूस पुन्हा जिवंत होईपर्यंत बाकावर बसतो, तो तोटा या वजाबाकीत धरलेलाही नाही.

रक्षकांचंही तसंच. ५० प्रयत्नांत २० पकडी करणारा डोळ्यांत भरतो, पण ३० वेळा त्याने फुकट गुण दिलेले असतात. २० प्रयत्नांत १२ पकडी करणारा शांत माणूस घ्या. सहा किंवा सात रक्षक असताना, म्हणजे चढाईपटूला बोनस गुण मिळू शकतो तेव्हा, तो बोनस रेषेवर किती उतावळा होतो आणि तीन किंवा कमी उरल्यावर जादा गुण देणाऱ्या अव्वल पकडीसाठी थांबून राहतो का, हे वेगळं टिपा. घाई करणारा कोपरा लोण, म्हणजे अख्खा संघ बाद होणं, ओढवून घेतो.

निदान पाच सामन्यांची नोंद हवी, त्यातले दोन तगड्या संघाविरुद्धचे. मातीवरचा खेळ आणि मॅटवरचा खेळ वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. मातीवर घसरून निसटणारा चढाईपटू मॅटवर बुटात अडकतो. गुडघा आणि घोटा तिथेच जातो. मातीवरचा गुणी मुलगा घ्यायला हरकत नाही, पण हंगामाआधी तीन आठवडे त्याला मॅट मिळेल अशी सोय असेल तरच. वजनकाटाही सोबत ठेवा. वरिष्ठ पुरुष गटाची ८५ किलोची मर्यादा लागू असेल तर ८४ वर असलेला रक्षक दिवाळीनंतर हमखास अडचणीत येतो.

लिलावाचं टेबल

टेबलावर तीन माणसं पुरे. एक बोली लावतो, दुसरा आठही संघांची उरलेली पर्स आणि रिकाम्या जागा लिहितो, तिसरा आपली यादी खोडतो. चौथी खुर्ची ठेवली की तिथे मालकाचे पाहुणे बसतात आणि ‘आपल्या गावचं लेकरू आहे, सोडू नका’ म्हणत ८०० चा मुलगा १,९०० ला गळ्यात बांधतात.

दुसऱ्या माणसाचं काम सगळ्यांत मोलाचं. प्रत्येक संघाची कमाल बोली अशी काढा: उरलेल्या जागांतून एक वजा करा, त्याला किमान बोलीने गुणा आणि उरलेल्या पॉइंटमधून ते वजा करा. ६,४०० पॉइंट आणि आठ जागा उरल्या असतील तर ६,४०० वजा १,४०० म्हणजे ५,०००. समोरचा ५,००० च्या वर जाऊच शकत नाही हे माहीत असेल तर कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं ते कळतं. लीगचे नियम ही मर्यादा पाळायला लावत नसतील तर आयोजकांकडे तसा आग्रह धरा, नाहीतर एखादा संघ नऊच खेळाडू घेऊन उभा राहतो.

यादी नावांची नको, जागांची करा. प्रत्येक जागेसाठी चार-पाच नावं आणि प्रत्येकाचा वरचा आकडा आधीच लिहा. मग बोली चालू असताना एकच गोष्ट मोजत राहा: या जागेचे किती चांगले खेळाडू उरले आणि किती संघांना ती जागा भरायचीय. तीन कोपरे आणि पाच गरजू टेबलं अशी वेळ आली की भाव भडकतो. आपला कोपरा त्याआधीच घेतलेला हवा. चढाईपटूंच्या बाबतीत उलट घडतं. पहिल्या तासात पर्स फुगलेल्या असतात आणि पहिले तीन-चार चढाईपटू वेड्या भावाने जातात. पाचवा, जो खेळाने फारसा मागे नसतो, निम्म्यात मिळतो.

कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं

चुका सगळ्यांत जास्त इथे होतात. नमुना संघाचाच दुसरा हंगाम धरा. २,४०० चा मुख्य चढाईपटू आता २,८८०, कोपरे २,१६० आणि १,४४०, दोन मुलं प्रत्येकी ३६०. पाच जण ठेवले तर ७,२०० संपले. राखीव ६०० बाजूला काढून सात जागांसाठी २,२०० उरतात. यातून दुसरा-तिसरा चढाईपटू आणि मध्यरक्षक येत नाहीत.

आता मुख्य चढाईपटू सोडा आणि १,१०० चा दुसरा चढाईपटू १,३२० ला ठेवा. खर्च ५,६४०, सात जागांसाठी ३,७६०. यात एक नवा चढाईपटू आणि दोन बरे मध्यरक्षक आरामात बसतात. दुसरा माणूस पहिल्याच्या जागी चालेल का, हा प्रश्न रास्त आहे. पहिल्या हंगामात त्याला दर सामन्यात १२-१४ चढाया दिल्या असतील तर उत्तर तुमच्या वहीत असेल. दिल्याच नसतील तर तो दोष लिलावाचा नाही.

तिसऱ्या हंगामात तोच मोठा खेळाडू ३,४५६ वर जातो, पर्सच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर, आणि ३०० चा मुलगा फक्त ४३२ वर. म्हणून दर हंगामानंतर बाराही जणांसमोर दोन आकडे लिहा: कायम ठेवण्याचा भाव आणि आज लिलावात गेला तर येईल तो भाव. दुसरा आकडा मोठा असेल त्यालाच ठेवा. दोन्ही सारखे असतील तर कोपऱ्याला झुकतं माप द्या, चढाईपटूला नाही. तिशीकडे झुकलेल्या खेळाडूला एक हंगाम आधी सोडलेलं बरं. लोक बोलतात, बोलू द्या.

पर्स पुढच्या वर्षी वाढेल या भरवशावर कुणाला ठेवू नका. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये २००५-०६ पासून पगाराची कडक मर्यादा आहे. पहिल्या वर्षी ती ३.९ कोटी डॉलर होती आणि बरीच वर्षं वाढत गेली. मग २०१९-२० ला ८.१५ कोटींवर येऊन करोनामुळे पुढचे दोन हंगाम तिथेच थांबली. वाढ गृहीत धरून करार केलेल्या संघांची कोंडी झाली. शिकागो ब्लॅकहॉक्सचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखं आहे. २०१० ला चषक जिंकल्यावर त्यांनी त्याच उन्हाळ्यात बफलिन, लॅड, व्हर्स्टीग असे उपयोगी खेळाडू सोडले आणि चार-पाच जणांचा गाभा धरून ठेवला. त्यातून २०१३ आणि २०१५ चे चषक आले. गाभ्यातल्या टेव्झ आणि केन या दोघांना २०१४ मध्ये प्रत्येकी १.०५ कोटी डॉलर वर्षाला असा आठ वर्षांचा करार दिला; तो २०१५-१६ पासून लागू झाला, तेव्हा मर्यादा होती ७.१४ कोटी. दोघांतच २९ टक्के गेले. त्यानंतर चषक नाही.

मर्यादा चुकवायला मागच्या दाराने रोख देणं, हा आपल्याकडचा जुना उपाय. तो टिकत नाही, कारण एकाला दिलेलं बाकीच्या अकरांना आठ दिवसांत कळतं. प्रवासखर्च, बूट, राहणं-जेवण यांचा दर सगळ्यांना एकच ठेवा आणि तो लिहून लावा.

मराठवाड्याचं कॅलेंडर

बीड, जालना, परभणीकडची कितीतरी घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. हंगाम जानेवारीत असेल तर त्या घरातला मुलगा कारखान्याच्या फडावर असतो. त्याला घेऊ नका असं नाही; त्याचं राहणं आणि बुडालेली मजुरी यांचा विचार लिलावाआधी करा, नंतर नव्हे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा, म्हणजे १७-१८ ची मुलं अडकतात. पोलीस भरतीची मैदानी चाचणी निघाली की अर्धा संघ एका रात्रीत गायब होतो, आणि कुणी थांबवूही नये. खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणाच्या आशेवरच अनेकजण कबड्डी खेळतात. चैत्रात जत्रांच्या रोख बक्षिसांच्या स्पर्धा सुरू होतात आणि मुख्य चढाईपटू सामन्याच्या आदल्या रात्री दुसऱ्याच गावात चार सामने खेळून येतो. नोंदणीच्या अर्जातच ‘या तारखांना उपलब्ध आहे’ अशी सही घ्या आणि हंगामातल्या बाहेरच्या स्पर्धांबद्दल एक ओळ घाला.

एका माणसाच्या गैरहजेरीने संघ कोसळू नये, याची तयारी हीच. प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामात तमिळ थलायव्हाजने पवन सेहरावतला २.२६ कोटींना घेतलं, तो पहिल्याच सामन्यात जखमी होऊन हंगामाबाहेर गेला. तरी संघ उपांत्य फेरीत पोहोचला, कारण मागे तरणी मुलं होती.

लीग वाढते तेव्हा

आठाचे दहा संघ होणार अशी कुजबुज सुरू झाली की जुन्या संघाने वर्षभर आधी कामाला लागावं. नवे संघ जुन्यांतून खेळाडू उचलणार असतील तर प्रत्येक जुन्या संघाला काही जण राखून ठेवता येतात. समजा सहा राखायचे आणि पहिल्या हंगामातली १९ वर्षांखालची मुलं मोकळीच, त्यांना कुणी हात लावू शकत नाही. मग आठ बरे खेळाडू असणं हा तोटा: दोन फुकट जातील. अशा वेळी दोन बरे देऊन एक उत्तम घ्या, किंवा सातवा-आठवा खेळाडू देऊन मोकळ्या वयाची दोन मुलं आणा. यादी लावताना नावाला नाही, वाढाव्याला जागा द्या. ४३२ चा मुलगा राखायचा आणि ३,४५६ चा मोठा खेळाडू उघडा ठेवायचा. नव्या संघाने उचलला तर पर्स मोकळी झाली, नाही उचलला तरी तो तुमचाच.

घाबरून सौदा मात्र करू नका. २०१७ मध्ये एनएचएलमध्ये व्हेगास गोल्डन नाइट्स आले, प्रवेशशुल्क ५० कोटी डॉलर. तीसही संघांकडून एकेक खेळाडू त्यांना घ्यायचा होता. राखण्याची मुभा सात आक्रमक, तीन बचावपटू आणि एक गोलरक्षक, किंवा कुठल्याही जागेचे आठ आणि एक गोलरक्षक अशी. फ्लोरिडाने आदल्या हंगामात ३० गोल केलेला मार्शेसो उघडा ठेवला आणि त्याच्यासोबत रायली स्मिथही जवळजवळ फुकटात दिला. कोलंबसने आपली इतर माणसं वाचवायला नवोदितांच्या वार्षिक निवडीतली आपली पहिल्या फेरीची संधी देऊन विल्यम कार्लसनला त्यांच्या गळ्यात घातलं. त्याने पुढच्याच हंगामात ४३ गोल मारले. व्हेगास पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत, २०२३ ला विजेते, आणि त्या चषकात सर्वोत्तम ठरला तो मार्शेसो. २०२१ ला सिअ‍ॅटल क्रॅकन आले, नियम जवळपास तेच, पण जुने संघ शहाणे झाले होते. कुणी असे सौदे केले नाहीत. एकेक खेळाडू गेला तो गेला. सिअ‍ॅटल पहिल्या हंगामात आपल्या गटात तळाला राहिलं.

आयोजकांसाठी थोडं वेगळं गणित आहे. दोन नवे संघ म्हणजे ९६ च्या जागी १२० खेळाडू, ते मिळतात. अडतं ते आणखी चार भरवशाचे चढाईपटू आणि चार कोपरे मिळवताना. मागच्या लिलावात शेवटच्या तासाला विकले गेलेले चढाईपटू बघा. त्यांच्यातले चौघेही सुरुवातीच्या सातांत खेळण्यासारखे नसतील तर एकच संघ वाढवा किंवा वर्षभर थांबा. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना प्रतिनिधित्व हवं म्हणून हिंगोली किंवा धाराशिवला कागदावर संघ दिला आणि खेळाडू सगळे बाहेरचे आले, तर तिथले प्रेक्षकही येत नाहीत.

सामन्यांची संख्या झपाट्याने वाढते. प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर सहा संघांना १५ सामने, आठांना २८, दहांना ४५. विश्रांती, टाइम-आउट, मॅट पुसणं धरून एका सामन्याला तास लागतो आणि ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. संध्याकाळी सहाला सुरू केलं तर चार सामने, म्हणजे २८ सात रात्रींत होतात, ४५ ना बारा लागतात. त्याऐवजी पाच-पाचचे दोन गट केले तर २० साखळी सामने, वर उपांत्य आणि अंतिम मिळून तीन, सहा रात्रींत काम. दुसरी मॅट टाकायची तर १३ बाय १० मीटरचं आणखी एक मैदान, भोवती मोकळी जागा, वेगळे पंच आणि दिवे लागतात; प्रवेशशुल्कातून आधी हा खर्च बाजूला काढा, उरलेलं जुन्या आठांत वाटा.

उचलण्याचे नियम सोपे ठेवा. जुना संघ सहा राखणार: दोन चढाईपटू, दोन कोपरे, एक मध्यरक्षक, एक कुठलाही. प्रत्येक नवा संघ सहा उचलणार, पण एका जुन्या संघातून एकच, म्हणजे कुणाचेही दोनपेक्षा जास्त जात नाहीत. उचललेल्याचा भाव चालू भावच, आणि नव्यांची पर्सही १०,००० च. पहिली निवड कोणाची ते चिठ्ठीने ठरवा आणि पुढे क्रम उलटवत जा. राखीव यादी बंद पाकिटात एकाच दिवशी, एकाच वेळेला घ्या. ती जमा झाल्यापासून नव्यांची निवड संपेपर्यंत अदलाबदल पूर्ण बंद ठेवा, नाहीतर एक संघ आपला सातवा माणूस ओळखीच्या संघाच्या यादीत चार दिवस लपवून ठेवतो आणि निवड झाली की परत घेतो.